न्या. रानडेंनी संस्थांचं जाळं कसं विणलं? स्वयंसेवी संस्थांना आजही उपयोगी पडणारा धडा

पूर ओसरला की मदतीचे ट्रक निघतात. हमरस्त्यावरच्या गावात एकाच दिवशी चार संस्थांची ब्लँकेटं पोहोचतात आणि पाच किलोमीटर आतल्या वाडीकडे कुणी फिरकतही नाही. चारही संस्था प्रामाणिक असतात, कार्यकर्ते रात्रंदिवस राबत असतात. फक्त निघण्याआधी एकमेकांना फोन करायचं राहून गेलेलं असतं.

स्वयंसेवी संस्थांनी एकत्र यावं, असं प्रत्येक जण म्हणतो. पण एकत्र यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एकच मोठी संस्था काढायची? एकच नेता मानायचा? की वर्षातून एकदा परिषद भरवून, जेवून, फोटो काढून घरी जायचं?

या प्रश्नाशी महाराष्ट्रात ज्यांनी सर्वात आधी आणि सर्वात चिकाटीनं झुंज दिली, त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १६ जानेवारी ही त्यांची पुण्यतिथी आणि १८ जानेवारी ही जयंती. शाळेच्या पुस्तकात ते समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ आणि न्यायाधीश म्हणून भेटतात. संस्था जोडणारा माणूस म्हणून त्यांची ओळख मात्र मागेच राहते. त्यांचं आयुष्य त्या बाजूनं समजून घेऊ.

रानडे कोण होते?

१८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीला असल्यानं बालपण कोल्हापुरात गेलं. आई लहानपणीच वारली. पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. ती उत्तीर्ण झालेल्या २१ जणांमध्ये रानडे होते. १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एल.एल.बी.

मुंबईत त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे इंग्रजी शिक्षण. दुसरी म्हणजे मंडळं आणि सभांची सवय. विष्णुशास्त्री पंडितांची पुनर्विवाहोत्तेजक मंडळी, १८६७ मध्ये स्थापन झालेला प्रार्थना समाज, वाचनालयं, वादसभा अशा अनेक ठिकाणी तेच दहा-वीस तरुण पुन्हा पुन्हा भेटत. एका ठिकाणची ओळख दुसऱ्या ठिकाणी कामाला येते, हे रानडेंनी तरुणपणीच पाहिलं होतं.

एक धडा कडूही होता. १८६९ मध्ये मुंबईत झालेल्या एका गाजलेल्या पुनर्विवाहानंतर सुधारकांवर बहिष्काराचं अस्त्र उगारलं गेलं. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहावर वाद झाला, त्यात निकाल सुधारकांच्या विरोधात गेला. मंडळीतल्या लोकांना वाळीत टाकण्यात आलं. मूठभर माणसांची, एका शहरातली, एका कामाची संस्था किती सहज एकटी पाडता येते, हे तेव्हा दिसलं.

सार्वजनिक सभा इतर संस्थांपेक्षा वेगळी का होती?

१८७१ च्या अखेरीस रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले, तेव्हा ते तिशीच्या आतच होते. त्यांच्या आधी, २ एप्रिल १८७० रोजी, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिचं मूळ अगदी स्थानिक होतं. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या आणि त्या सरकारपर्यंत न्यायच्या होत्या. या कामात पुढे होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

सभेचा एक नियम आजच्या प्रत्येक संस्थेनं अभ्यासावा असा आहे. सभासद व्हायचं असेल तर वर्गणी भरून भागत नसे. आपल्याला लोकांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार आहे, हे दाखवणारं किमान ५० जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे मिळून सुमारे ६,००० लोक उभे होते.

याचा परिणाम असा की, सभेनं अर्ज केला तर तो चार शहाण्यांचा अर्ज राहत नसे. तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता, या सरकारच्या पहिल्या प्रश्नाला सभेकडे कागदावर उत्तर होतं. मत नोंदवायला येणाऱ्या संस्थांना हा प्रश्न आजही विचारला जातो आणि त्याचं उत्तर फार थोड्या संस्थांच्या फायलीत सापडतं.

रानडे आल्यावर सभेच्या कामाला अभ्यासाची बैठक मिळाली. शेतसाऱ्याचा प्रश्न, शेतकऱ्यांचं कर्ज, तंटे कोर्टाबाहेर मिटवणारी लवाद न्यायालयं असे विषय एकेक करून हाती घेतले गेले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेनं दुष्काळी भागात माणसं पाठवली, तिथली माहिती गोळा केली आणि ती क्रमानं सरकारपुढे मांडली. १८७८ मध्ये सभेचं त्रैमासिक सुरू झालं. त्यातले बरेचसे लेख रानडेंचे असत, पण त्यावर त्यांचं नाव नसे. सरकारी नोकर असल्यानं ही सावधगिरी हवीच होती. तिचा एक चांगला परिणामही झाला. लेख सभेचा म्हणून वाचला गेला आणि श्रेय संस्थेकडे गेलं.

एकाच शहरात इतक्या संस्था कशासाठी?

पुढच्या दीड दशकात पुण्यात आणि मुंबईत रानडेंचा हात लागलेल्या संस्थांची यादी काढली तर दमायला होतं. १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला. ११ मे १८७८ रोजी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासह भरवलेली मराठी ग्रंथकारांची सभा, जिच्याकडे आज पहिलं मराठी साहित्य संमेलन म्हणून पाहिलं जातं. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी काढलेल्या आर्य महिला समाजाला पाठबळ. १८८४ मध्ये मुलींची शाळा, म्हणजे आजची हुजूरपागा. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद.

सगळं एकाच छताखाली का आणलं नाही? एकच संस्था, एकच कार्यालय, एकच निधी असता तर सोपं झालं नसतं का?

इंजिनिअरिंगमध्ये ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ नावाची कल्पना शिकवतात. सगळी यंत्रणा एकाच खिळ्यावर टांगली असेल, तर तो खिळा निखळला की सगळं कोसळतं. रानडेंनी हा शब्द अर्थातच ऐकला नव्हता, पण त्यांच्या रचनेत ही काळजी दिसते. विधवाविवाहाला विरोध असलेला माणूस शेतसाऱ्याच्या प्रश्नावर सोबत येऊ शकत होता. प्रार्थना समाजाच्या उपासनेला न जाणारा माणूस मुलींच्या शाळेला देणगी देऊ शकत होता. प्रत्येक कामाची वेगळी संस्था असल्यानं, सगळ्या बाबतीत एकमत व्हावं अशी अट कुणालाच घालावी लागली नाही. संस्था वेगळ्या होत्या, पण त्यांत ये-जा करणारी माणसं बऱ्याच अंशी तीच होती. धागा त्या माणसांचा होता.

या रचनेची परीक्षा लवकरच झाली. १८७८ मध्ये रानडेंची नाशिकला बदली झाली. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. पुण्यातल्या सुशिक्षितांवर सरकारचा संशय होता आणि त्या संशयाच्या छायेत रानडेंना धुळ्याला पाठवण्यात आलं. तिथे त्यांची पत्रं फोडली जात, असं रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पण पुण्यातल्या संस्था त्यामुळे बंद पडल्या नाहीत. सभा चालू राहिली, त्रैमासिक निघत राहिलं, व्याख्यानं होत राहिली.

देशभरातल्या संस्था जोडायची कल्पना कुठून आली?

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याच मंडपात रानडे आणि मद्रासचे दिवाणबहादूर रघुनाथराव यांनी सामाजिक सुधारणेवर भाषणं केली. पुढच्या वर्षी मात्र काँग्रेसनं राजकीय प्रश्नांपुरतंच राहावं, असा कल पक्का झाला. त्यात तथ्यही होतं. प्रत्येक प्रांताच्या, जातीच्या, धर्माच्या चालीरीती वेगळ्या. त्यांची चर्चा राजकीय व्यासपीठावर केली तर एकी फुटेल, ही भीती खोटी नव्हती.

मग काय करायचं? डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसच्या अधिवेशनाला लागूनच राष्ट्रीय सामाजिक परिषदेची पहिली बैठक झाली. अध्यक्ष होते सर टी. माधवराव आणि सचिवपदाची जबाबदारी होती रघुनाथरावांकडे. दोघंही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले. रानडे या कल्पनेचे खरे चालक होते आणि पुढे परिषदेचं सचिवपदाचं काम त्यांनीच वर्षानुवर्षं वाहिलं.

वेळ आणि जागा निवडण्यात व्यवहार होता. सगळ्या प्रांतांतली कर्ती माणसं नाताळच्या सुट्टीत काँग्रेससाठी एका गावात जमतच होती. प्रवास झालेला, मुक्कामाची सोय झालेली, मंडप उभा. त्याच मंडपात, काँग्रेस संपल्यावर, एक जादा बैठक घ्यायची. वेगळा खर्च जवळपास नाहीच.

परिषदेचं काम कसं चालायचं?

जाळं म्हणून खरी रचना इथे दिसते. परिषदेकडे मोठा निधी नव्हता, पगारी फौज नव्हती, कुणावर हुकूम चालवण्याचा अधिकार नव्हता. ठराव मोडला म्हणून ती कुणालाही शिक्षा करू शकत नव्हती. तिच्याकडे मुख्यतः एकच साधन होतं. ते म्हणजे माहिती.

गावोगावच्या सुधारणा मंडळांकडून, प्रार्थना समाज, ब्राह्मो समाज आणि आर्य समाजाच्या शाखांकडून, जातींच्या सभांकडून दरवर्षी अहवाल मागवले जात. वर्षभरात काय केलं? विधवांचे विवाह किती झाले? मुलींची शाळा निघाली का? लग्नाचा खर्च आणि हुंडा कमी करण्याचे नियम कुठे झाले? पोटजातींमध्ये लग्नं झाली का? परदेशी जाऊन आलेल्यांना जातीनं परत घेतलं का? रानडे हे अहवाल वाचत, ताडून पाहत आणि परिषदेतल्या भाषणात त्यांचा गोषवारा मांडत.

यातून तीन गोष्टी साधल्या.

पहिली, एकटेपणा कमी झाला. राजमहेंद्रीत कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी १८८१ मध्ये विधवाविवाह लावायला सुरुवात केली होती. तिकडचा छळ आणि तिकडचं यश इतर प्रांतांना कळू लागलं. पुढे १८९८ मध्ये मद्रासच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. आपल्या गावात शिव्या खाणाऱ्या कार्यकर्त्याला, आपल्यासारखे लोक लाहोरलाही आहेत, एवढं कळणंही मोठा आधार असतो.

दुसरी, उपाय एका जागेहून दुसऱ्या जागी गेले. राजपुतान्यात वॉल्टरकृत राजपुत्र हितकारिणी सभेनं लग्नाचं वय आणि लग्नखर्च यांवर नियम केले होते. उत्तरेत कायस्थांच्या परिषदेनं लग्नखर्चाला आळा घालायचा प्रयत्न चालवला होता. रानडे हे दाखले सगळ्यांपुढे ठेवत. वादापेक्षा झालेलं काम पटकन पटतं.

तिसरी, दरवर्षी हिशोब द्यावा लागेल, ही जाणीव राहिली. डिसेंबरमध्ये अहवाल पाठवायचा आहे म्हटल्यावर मंडळं काही ना काही करत. ज्यांचा अहवाल आला नाही, तेही लोकांच्या लक्षात येई.

आणखी एक गोष्ट. संमतिवयाचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा वेगवेगळ्या प्रांतांतली मतं आणि अनुभव एकत्र असण्याचा उपयोग झाला. १८९१ च्या कायद्यानं मुलींचं संमतिवय १० वरून १२ झालं. त्या लढ्यात बेहरामजी मलबारींसारखे अनेक जण होते, परिषद त्यातली एक बाजू होती. आजच्या नजरेनं १२ हा आकडा हादरवणारा वाटतो. त्या काळी मात्र तेवढ्यावरूनही देशभर वादळ उठलं.

रानडेंवर टीका का झाली?

जाळं विश्वासावर चालतं आणि विश्वास जोडणाऱ्या माणसाच्या वागण्यावर. इथे रानडेंच्या आयुष्यातल्या अडचणीच्या जागा टाळून चालणार नाही.

१८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस विधवेशी लग्न करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे रानडे नमले. त्याच वर्षी त्यांचं लग्न ११ वर्षांच्या यमुनेशी झालं. याच पुढे रमाबाई रानडे. रानडेंनी त्यांना शिकवलं, सार्वजनिक कामात आणलं, हे खरं. पण सुधारकांचा पुढारी स्वतःच्या घरी कच खातो, हा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला.

दुसरा प्रसंग पंचहौद मिशनच्या चहाचा. १८९० मध्ये पुण्यात मिशनऱ्यांकडे अनेक प्रतिष्ठित मंडळी गेली आणि तिथे चहा घेण्यावरून ग्रामण्य उभं राहिलं. बहिष्काराचा त्रास सोबतच्या लोकांना, त्यांच्या घरच्यांना होत होता. अखेर १८९२ मध्ये रानडेंनी प्रायश्चित्त घेतलं. सनातन्यांना तो विजय वाटला आणि तरुण सुधारकांना पराभव.

रानडेंची बाजू अशी मांडता येते की, चार पावलं पुढे जाऊन एकटं पडण्यापेक्षा सगळ्यांसह एक पाऊल टाकणं त्यांना महत्त्वाचं वाटे. सुधारणेचे मार्ग सांगताना ते परंपरेचा आधार आणि माणसाची सदसद्विवेकबुद्धी यांवर भर देत. कायदा आणि बंड हे मार्ग त्यांच्या लेखी नंतरचे. पण याची किंमत होती. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसावर कुणाचाच पूर्ण भरवसा राहत नाही. आजही संस्थांच्या महासंघात समन्वयकाची हीच कोंडी होते.

१८९५ मध्ये नेमकं काय झालं?

१८९५ हे वर्ष रानडेंच्या संस्थाजीवनातलं सर्वात कठीण. जुलैमध्ये सार्वजनिक सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी बहुमत मिळवलं. ज्या सभेला रानडेंनी पाव शतक दिलं होतं, ती हातातून गेली.

त्याच डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात होतं. अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. नेहमीप्रमाणे सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरणार होती, पण त्याला पुण्यात कडाडून विरोध झाला. मंडप जाळून टाकू, इथवर भाषा गेली. वाद वाढला असता तर काँग्रेसच फुटायची वेळ आली असती.

रानडेंनी मंडपाचा हट्ट सोडला. परिषद वेगळा मंडप घालून भरवली.

या निर्णयाकडे दोन प्रकारे पाहता येतं. माघार म्हणून, किंवा जाळं आणि मंडप यांतला फरक ओळखणं म्हणून. मंडप ही सोय होती. अहवाल पाठवणारी मंडळं, पत्रव्यवहार, वर्षावर्षाची ओळख हे खरं भांडवल होतं आणि ते मंडपासोबत गेलं नाही. परिषद पुढच्या वर्षी कोलकात्यात, १८९७ मध्ये अमरावतीत, मग मद्रासला, लखनौला भरत राहिली. सार्वजनिक सभेचंही तसंच. ती परत मिळवण्याच्या भांडणात न पडता रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली.

जाळ्याबाहेर कोण राहिलं?

रानडेंच्या जाळ्यातलं सर्वात मोठं भगदाड त्यांच्याच गावात होतं.

महात्मा जोतीराव फुले पुण्यातच राहत. सत्यशोधक समाज त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केला होता. दोघांचे संबंध शत्रुत्वाचे नव्हते. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीच्या वेळी दोघंही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण रानडेंकडून आलं, तेव्हा फुलेंनी ते नाकारलं. जे लोक सर्वसामान्यांचे माणूस म्हणून असलेले हक्क खुशीनं मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.

सामाजिक परिषदेच्या विषयांकडे पाहिलं तर फुलेंचा आक्षेप किती खोल होता हे कळतं. विधवाविवाह, केशवपन, संमतिवय, परदेशगमन हे प्रश्न गंभीर होते, पण त्यांतले बरेचसे वरच्या जातींच्या घरातले होते. शूद्रातिशूद्रांच्या जगण्याचे प्रश्न या यादीत मागे होते. निमंत्रण पाठवलं म्हणजे सहभाग मिळाला, असं होत नाही. विषयपत्रिका कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून असतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या इतिहासाची दोन्ही अंगं पाहिली. काँग्रेस आणि सामाजिक परिषद यांतल्या तुटीबद्दल त्यांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिलं. परिषदेची सुधारणा प्रामुख्यानं कुटुंबाच्या सुधारणेपुरती होती, जात मोडण्याचा प्रश्न तिनं घेतला नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी, रानडेंच्या १०१ व्या जयंतीला, ते पुण्यात गोखले स्मारक सभागृहात बोलले आणि सामाजिक सुधारणेला राजकारणाइतकंच महत्त्व देणारा पुढारी म्हणून त्यांनी रानडेंचा गौरव केला. त्यांना निमंत्रण दिलं होतं रानडेंनीच उभ्या केलेल्या डेक्कन सभेनं.

रानडेंनंतर जाळ्याचं काय झालं?

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. कोर्टाचं काम सांभाळून ते दर डिसेंबरला परिषदेसाठी प्रवास करत राहिले. १९०० मध्ये परिषद लाहोरला होती. प्रकृती ढासळल्यानं एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना जाता आलं नाही. त्यांचं लिहून तयार असलेलं भाषण तिथे वाचून दाखवण्यात आलं. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दोन दिवसांनी त्यांना ५९ वर्षं पूर्ण झाली असती.

संस्थापक गेला की संस्था विझते, असा आपला नेहमीचा अनुभव. इथे उलटं घडलं. परिषदेची धुरा नारायण गणेश चंदावरकर यांनी उचलली. हेच चंदावरकर १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे अध्यक्ष झाले. रानडेंच्या जाळ्यात जो प्रश्न मागे राहिला होता, त्याला हात घालणाऱ्या कामामागे त्याच वर्तुळातला माणूस उभा राहिला. १९०४ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेला जोडूनच स्त्रियांची परिषद भरली आणि तिच्या अध्यक्ष होत्या रमाबाई रानडे. पुढे त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. रानडेंचे शिष्य गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला.

सर्वात बोलकं उदाहरण १९१५ चं. त्या डिसेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. हिंगण्याच्या आश्रमाचा अनुभव आणि जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती यांच्या जोरावर त्यांनी भारतात स्त्रियांचं स्वतंत्र विद्यापीठ काढण्याची कल्पना त्या व्यासपीठावरून मांडली. पुढच्याच वर्षी ते सुरू झालं. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणून ओळखतो. पुण्याबाहेरच्या माळावर झोपडीत सुरू झालेल्या एका आश्रमाला देशभरातले श्रोते आयते मिळाले, कारण २८ वर्षांपूर्वी कुणीतरी ते एकत्र जमवून ठेवले होते.

आजच्या संस्थांनी यातून काय घ्यावं?

काळ बदलला आहे. आज नोंदणीचे, लेखापरीक्षणाचे, निधीचे नियम वेगळे आहेत. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. मोठ्या संस्थेनं पैसे घ्यायचे आणि गावातल्या छोट्या संस्थांना वाटायचे, हा अनेक जाळ्यांचा जुना मार्ग त्या बाजूनं बंद झाला. पैशानं बांधलेली जाळी त्यामुळे सैल पडली. अशा वेळी पैशाशिवाय चाललेलं जाळं कसं होतं, हे पाहणं जास्तच गरजेचं आहे.

* आधी माहिती, मग ठराव. कोणत्या गावात कोण काम करतं, वर्षभरात काय झालं, काय फसलं, याची ताजी यादी हा जाळ्याचा पाया. पुरात वाडी सुटते ती बहुधा ही यादी नसल्यानं.
* प्रतिनिधित्व कागदावर हवं. आपल्या मागे कोण आहे, हे मुखत्यारपत्रासारखं दाखवता आलं पाहिजे.
* एका प्रश्नापुरतं एकत्र येणं पुरेसं आहे. सगळ्या बाबतींत एकमत शोधत बसलं तर कुणीच सोबत उरत नाही.
* सचिवाचं काम कुणीतरी मनापासून करावं लागतं. अध्यक्षपद दरवर्षी फिरू शकतं. पत्रं लिहिणं, अहवाल मागवणं, न पाठवणाऱ्याला आठवण करणं हे रुक्ष काम थांबलं की जाळं थांबतं.
* दुसरी फळी तयार ठेवावी. गोखले, चंदावरकर, रमाबाई हे तिघंही रानडे हयात असतानाच सार्वजनिक कामात तयार झाले होते.
* बाहेर कोण आहे, हे दरवर्षी मोजावं. फुलेंसारखं नकाराचं पत्र आलं, तर ते फायलीत न ठेवता विषयपत्रिकेवर घ्यावं.

यातला शेवटचा मुद्दा रानडेंना पूर्णपणे साधला नाही. पहिले पाच त्यांनी जवळपास ३० वर्षं, नोकरी सांभाळून, बदल्या सोसून आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन करून दाखवले. त्यासाठी त्यांच्याकडे टपाल होतं, रेल्वे होती आणि डिसेंबरची सुट्टी होती. आजच्या संस्थांच्या हाती यापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत. पुढचा पाऊस येण्याआधी तालुक्यातल्या संस्थांची यादी करायला एक दुपार पुरते.